बाबांची पट्टी, मामंजींची पट्टी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे. आशीर्वाद मात्र तू पुरता दे.) तुझा खोकला थांबला असेल, भाऊजींनी तुला गाडी शिकवायचा नाद सोडला असेल आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना तू अजूनही पाणी पाजून पाजून मारत असशील, असं धरून चालते. फोनवर मी हल्ली तुटक बोलते, काहीतरी लपवते, अशी तुझी तक्रार आहे. लपवत होते, खरं आहे. पण ज्या घरात बाबा आणि मामंजी एकाच खोलीत बसतात, तिथे फोनवर मन मोकळं करणं म्हणजे चौकात उभं राहून दवंडी पिटणं. म्हणून हे पत्र. शेवट गोड आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतरी तू कादंबरीसुद्धा शेवटच्या पानापासून वाचतेस.

दोघांची हकीकत तुला थोडीफार ठाऊक आहेच. बाबा (तुझे आणि माझे. तुझेही, हे अधूनमधून आठवत जा) गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार दिवस म्हणून आले आणि मुरले. मामंजी तर पहिल्यापासून इथलेच. एकाने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, दुसऱ्याने शाळेत कवायत घेतली. बाबांचं सदऱ्याचं शेवटचं बटण लागेपर्यंत मामंजी आंघोळ उरकून, पेपर वाचून, पेपरातल्या सगळ्यांना नापास करून मोकळे झालेले असतात. एकेकटे म्हणशील तर दोघेही सोन्यासारखे. मामंजी बाहेरगावी गेले की बाबा माझ्या कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घालतात, आणि बाबा तपासणीला गेले की मामंजी गुपचूप माझी भांडी घासून ठेवतात (आणि 'मी नाही घासली' असं वर दरडावून सांगतात). पण दोघे समोरासमोर आले की पंखा दोनवर की चारवर यातच सकाळ जाते, आणि तुझे मेहुणे उशीर झाल्याचं सांगून रोज वेळेच्या आधीच कामावर पळतात.

आता मुद्द्याचं. मी घरी कॉम्प्युटरवर पुस्तकं टाईप करते, छपाईसाठी पानं लावते, त्यात मध्यंतरी एका जनावरांच्या डॉक्टरांचं जाडजूड पुस्तक हाती होतं. गायीम्हशींचे आजार, लक्षणं, उपाय. त्याच सुमारास कॉम्प्युटरने रंग दाखवायला सुरुवात केली. काम रंगात आलं की पडदा निळा व्हायचा, त्यावर एक पडेल चेहरा उमटायचा आणि सगळं ठप्प. तेही सोसलं असतं. पण मग अक्षरं बदलायला लागली. 'जनावराला ताप आहे का ते पाहावे' असं मी माझ्या या हातांनी टाईप केलं होतं, तपासण्यासाठी पाठवलेल्या पानावर निघालं, 'जनावराला थाप आहे का ते पाहावे'. पुढे 'काल व्यायलेली गाय' होती, तिची 'काळ व्यायलेली गाय' झाली. 'गोठ्याचे दार' होतं त्याची 'गोठ्याचे धार' झाली. डॉक्टरांनी समासात लाल शाईने लिहून पाठवलं, की गाय थापा मारत नाही, ते काम माणसं करतात. प्रकाशकांचा निरोप आला, बाई, डोळे तपासून घ्या, आणखी एकदा असं झालं तर पुस्तक दुसऱ्याकडे द्यावं लागेल.

डोळे तपासून घेतले. नंबर होता तोच निघाला. म्हणजे उरलं डोकं. ताई, तुला खरं सांगते. मी पान टाईप करायची, मोठ्याने वाचायची, बरोबर आहे याची खात्री करून ठेवायची आणि सकाळी उघडून बघावं तर भलतंच. आईचं शेवटी शेवटी कसं झालं होतं ते तुला आठवतं ना? चष्मा साखरेच्या डब्यात सापडायचा आणि ती शपथेवर सांगायची की मी तिथे ठेवलाच नाही. मला वाटलं, आली, माझी पाळी आली. आईपेक्षा लवकर आली. न्हाणीघरात नळ सोडून रडायची मी. बाबांना कळू दिलं नाही, कारण त्यांनी ते सगळं एकदा काढलं आहे. तुला फोनवर 'मजेत आहे' म्हणायची ती त्याच नळाचं पाणी तोंडावर मारून.

घरातल्या तज्ज्ञांची मतं काय विचारतेस! दुरुस्तीवाला आला, मशीनकडे न बघताच म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल. (या माणसाला पोटदुखी सांगितली तरी तो फॉरमॅटच मारेल.) बाबांच्या मते मामंजींच्या रेडिओमुळे विजेला धक्के बसतात, मामंजींच्या मते बाबा कॉम्प्युटरशेजारी चहा ठेवून तो निवेपर्यंत विचार करत बसतात त्याची वाफ आत जाते. तुझे मेहुणे म्हणाले, धूळ असेल, आणि निघून गेले. शेवटी कॉम्प्युटरवरच शोधता शोधता कुणा अनोळखी माणसाने लिहिलेलं सापडलं, की टाईप केलेली अक्षरं आपोआप बदलत असतील आणि मशीन मधेच बंद पडत असेल तर आधी मेमरी तपासा. त्या माणसाचे पाय कुठे असतील तिथे मी मनातून धरले.

पण तपासायचं कसं? आमच्या मशीनमध्ये मेमरीच्या दोन पट्ट्या आहेत. (हिरवी, वीतभरही नाही अशी पट्टी असते, खालच्या कडेला सोनेरी दात. आपलं काम चालू असतं तेव्हा मशीन सगळं तिच्यावर मांडून ठेवतं.) कॉम्प्युटर बाबांनी घेऊन दिलेला, तेव्हा मूळची पट्टी बाबांची. हे सहन न होऊन मामंजींनी माझ्या वाढदिवसाला, दुकानातली सगळ्यात पळणारी कोणती ते विचारून, दुसरी आणली. म्हणजे त्या डब्यात माहेर आणि सासर खेटून बसलेलं. घोटाळे सुरू झाले ते सासर आल्यावरच, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण सुनेने सासऱ्याच्या भेटीवर बोट ठेवायचं, आणि तेही बाबांच्या देखत? त्यापेक्षा माझं डोकं बिघडलेलं परवडलं.

तरी धीर करून जेवताना म्हणाले, की मेमरीत बिघाड वाटतोय, एकेकाची वेगवेगळी तपासणी करावी लागेल. दोघांनीही माना डोलावल्या. मला वाटलं समजलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मामंजी गॅलरीत उभे राहून खणखणीत आवाजात पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणताना ऐकू आले, आणि बाबा माझ्या मागे मागे फिरून त्यांच्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांची नावं आणि कुणाच्या घड्याळाचा कोणता काटा गेला होता ते सांगायला लागले. सवायकीला मामंजी अडले तेव्हा बाबा मला हळूच म्हणाले, "बघ, बिघाड कोणाच्या मेमरीत आहे ते!" मी मशीनच्या मेमरीबद्दल बोलत होते हे दोघांना समजावताना माझी दमछाक झाली. पण दोघांची भीती बघून मला माझीच आठवण आली आणि हसूही आलं, बऱ्याच दिवसांनी.

रविवारी तपासणी ठेवली. मशीन उताणं निजवलं, वायर काढली. बाबांनी डोळ्याला भिंग लावून पट्ट्यांचे दात खोडरबराने घासले, इतके सावकाश की मामंजी शेजारी उभे राहून "एक-दोन, एक-दोन" करायला लागले. मेमरी तपासायचा एक प्रोग्रॅम असतो, तो चालू केला की पट्टीचा कानाकोपरा धुंडाळतो आणि चूक सापडली की लाल ओळ दाखवतो. आधी फक्त मामंजींची पट्टी लावली. दोघे पडद्यासमोर खुर्च्या टाकून बसले. बाबा लाल ओळीची वाट बघत होते, मामंजी ती उमटू नये म्हणून पडद्याला डोळे वटारून दाखवत होते. मी स्वयंपाकघरातून देवाला म्हणत होते, हिच्यात काही निघू नको देऊ रे, मला या घरात राहायचं आहे. एकही चूक निघाली नाही. मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. मग ती काढून बाबांची लावली. आता मामंजी लाल ओळीची वाट बघायला लागले. तीही निष्कलंक! दोघांची अब्रू वाचली, माझी मात्र गेली. पट्ट्या चांगल्या, तर वाईट कोण? मीच ना?

हताश होऊन दोन्ही पट्ट्या होत्या तशा परत बसवल्या आणि कशाला म्हणून कुणास ठाऊक, तपासणी पुन्हा लावली. थोड्याच वेळात पडदा लालेलाल. जागांची अदलाबदल केली, तरी लाल. ताई, त्या लाल ओळी बघून मी तिथेच ढसाढसा रडले. बाबांना वाटलं मशीन गेलं, मामंजींना वाटलं पुस्तक गेलं, दोघांनी एकदम आपापला रुमाल पुढे केला. मी रडत होते ते सुटले म्हणून. चूक माझ्या डोक्यात नव्हती, चूक तिथे समोर लाल अक्षरांत लिहिलेली होती! इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

मग कारणही सापडलं. मामंजींची पट्टी पळणारी, बाबांची सावकाश चालणारी. मशीन दोघींना मामंजींच्या चालीने पळवत होतं, त्या ओढाताणीत एखादं अक्षर सांडायचं. सेटिंगमध्ये जाऊन मी दोघींना बाबांच्या चालीवर आणलं, त्यानंतर लाल ओळ म्हणून नाही. (बाबा दिवसभर माझ्याकडे बघून गालात हसत होते. मामंजी म्हणाले, ठीक आहे, मोठ्या मनाने थांबलो.) पुस्तक अथपासून इतिपर्यंत पुन्हा तपासून दिलं. प्रकाशकांना खरं कारण कळवल्यावर ते ओशाळले, आणि डॉक्टरांचा फोन आला, की गायीप्रमाणे तुम्हीही थापा मारत नाही, माफ करा. लगेच शेळ्यामेंढ्यांचा पुढचा खंडही माझ्याकडेच दिला आहे. तेव्हा काळजी नको. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शाबूत डोक्याची धाकटी

ता.क. शेळ्यामेंढ्यांचं काम फार घाईचं आहे आणि मशीनला सेटिंग असतं तसं माणसांना नसतं. तेव्हा एकेकाला वेगळं काढून बघण्याचा उपाय घरातही करावा म्हणते. महिनाभर बाबांना तुझ्याकडे पाठवू का? फार काही लागत नाही त्यांना. फक्त बटणं लावताना त्यांना घाई करू नकोस.

ता.क. बाबांना विचारलं. लगेच तयार झाले, मला जरा वाईटच वाटलं. पण मग बघते तर मामंजी माळ्यावरून आपली बॅग काढतायत. तुम्ही कुठे, तर म्हणाले, "त्यांना गाडीत चढायला कोण सांगणार? तेवढ्यात गाडी सुटेल." बाबांनी तर सरळ सांगितलं, ते येत नसतील तर मीही नाही जात, तिथे मी भांडू कोणाशी? एक काढला की दुसराही चालत नाही. असा बिघाड त्या प्रोग्रॅमलासुद्धा सापडला नसता. पाहुण्यांची खोली दोघांना पुरेल ना?

ता.क. तू 'नाही' म्हणशील या भीतीने पत्र टपालात न टाकता त्यांच्याच हाती दिलं आहे. म्हणजे तू हे वाचत असताना दोघे समोरच्या कोचावर बसून 'काय लिहिलंय, काय लिहिलंय' करत असतील. आईचं जे लिहिलं आहे ते बाबांना दाखवू नकोस. (मामंजींनी पाकीट वाटेत उघडलं असेलच, पण ते बोलणार नाहीत. अशा बाबतीत फार चांगले आहेत ते.) विचारलंच तर सांग, धाकटीने तुमचं कौतुक लिहिलंय. फारसं खोटं नाही ते.