विहिरीच्या तळातली वाळू

बाबा,

संग्रामपूरच्या आपल्या शेतातली ती अर्धवट खोदलेली विहीर आज सकाळपासून डोळ्यांसमोरून हलत नाही. कडा सुटायला लागल्या म्हणून माणसांनी काम सोडलं होतं, आणि मी विद्यापीठातून सुटीला येऊन म्हणाले की मला तिच्या तळातली वाळू हवी आहे. "वाळू तं नदीतबी हाय. हेच काऊन?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, हे कण गाडले गेल्यापासून भोवतालच्या मातीतली किंचित ऊर्जा साठवत राहतात. प्रयोगशाळेत तापवले की ती मंद उजेड होऊन बाहेर पडते, आणि त्यावरून कळतं, त्यांनी शेवटचं ऊन केव्हा पाहिलं. काढताना मात्र उजेड लागला तर सगळं पुसलं जातं. तुम्ही कडेवरून विहिरीत डोकावून पाहिलंत. मग म्हणालात, "एकटीनं नाई उतराचं."

अजून दिसतं: काका वर दोर धरून उभे आहेत. तळाशी तुम्ही माझ्यावर काळी ताडपत्री धरली आहे आणि तिच्या आत मी लोखंडी नळी भिंतीत ठोकते आहे. प्रत्येक घावाला वरून माती घरंगळते. मला काही दिसत नाही, फक्त तुमचा श्वास ऐकू येतो.

"भेव लागते का वं?"

"नाही, बाबा."

"मले लागून राह्यलं. लवकर कर."

तुम्हालाही भीती वाटते हे मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मी घाव भराभर घालायला लागले. नळी भरली, दोन्ही तोंडं घट्ट बंद केली, तेवढ्यात काका ओरडले, "सरका!" तुम्ही मला पलीकडे ढकललंत आणि दरड तुमच्या खांद्यावर आली. तुम्ही छातीपर्यंत गाडले गेलात. मी नखांनी माती उपसत होते आणि तुम्ही म्हणत होतात, "तू वर जाय आधी." मी गेले नाही. काका दोर बांधून खाली उतरले, तेव्हा कुठे आम्ही तुम्हाला ओढून काढलं.

तुमचा उजवा हात पुढे कधी डोक्यापर्यंत गेला नाही. विहीर बुजवली. बऱ्याच महिन्यांनी मी सांगायला आले की ती वाळू हजारो वर्षं अंधारात होती. तुम्ही हसला नाहीत. "मी घडीभर होतो, तं जीव चालला होता," एवढंच बोललात.

आता प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत हे कण वेगळे करायचे असतात. विद्यार्थ्यांना वाटतं, बाई कशालाच घाबरत नाहीत. हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणून लिहिते: मी दरवेळी काहीतरी निमित्त काढून त्यांच्यातल्या एकाला आत सोबत नेते. त्या खोलीत मी अजून एकदाही एकटी गेलेले नाही.