माझी खोली आणि माझी हत्यारे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा रहस्यकथा लिहिणे, राहणार याच घरात वरच्या मजल्यावर, आज भरपेट जेवून, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र करीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण असलेच तर ते वकीलसाहेबांवर माझे आहे. यापूर्वी मी मृत्युपत्रे पुष्कळ लिहिली, परंतु ती सर्व कादंबऱ्यांतली होती आणि प्रत्येकातून निदान एक खून उद्भवला. या मृत्युपत्रातून तसे काही उद्भवू नये अशी इच्छा आहे.

हे करण्याचे कारण असे. गेल्या महिन्यात मी माझ्या मागच्या खोलीत मायक्रोफोनसमोर बसून एका विषप्रयोगाचा मजकूर सांगत असताना माझा मुलगा मोजपट्टी घेऊन आत आला आणि भिंती मोजू लागला.

"काय रे?" मी विचारले.

"काही नाही आई, तुझं चालू दे. पुढेमागे इथं पाहुण्यांसाठी पलंग बसेल का, ते बघतोय."

"पाहुणे कधी यायचेत?"

त्याने मोजपट्टी गुंडाळली. मुलगा वाईट नाही. तो विमा कंपनीत आहे. माणूस समोर बसलेले असतानाच पुढचे गणित मांडायची त्याला पगारी सवय आहे. तरी त्याच दुपारी मी वकीलसाहेबांना फोन केला.

कलम १. हे घर मी व माझे पती यांनी मिळून बांधले. त्यांच्या पश्चात ते कायदेशीररीत्या माझ्या एकटीच्या नावे झाले असून त्यावर कोणताही बोजा नाही. घराचा खालचा मजला, अंगण, आणि वरच्या मजल्यावरील रस्त्याकडच्या दोन खोल्या मी माझ्या मुलास देत आहे. मागील बाजूची, उत्तरेच्या खिडकीची खोली यातून वगळली आहे. तिचे कलम पुढे येईल. मुलाने तोवर धीर धरावा.

कलम २. माझे पती पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढीत. दिवसा नळांच्या रेघा आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या पुस्तकांची मुखपृष्ठे. पेन्सिलीला टोक करायला ते इतका वेळ लावीत की आमच्या लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मला वाटले, हे माणूस चित्र काढते की नुसती पेन्सिलच तासते? मी तसे विचारलेही. ते म्हणाले, "अगं, बोथट पेन्सिलीची रेघ कुठं संपली ते तिचं तिलाच ठाऊक नसतं. मग लोक म्हणतात, चित्रकार कच्चा." हे वाक्य मी जन्मभर पुरवून वापरले.

त्यांची कंपासपेटी माझ्या मुलास द्यावी. ती त्याने वापरावी असा आग्रह नाही, पण वर्षातून एकदा तेलाचे फडके फिरवावे. पेटीत एक खाच रिकामी आहे. तिचा खुलासा पुढील कलमात.

कलम ३. त्या खाचेत रेघा ओढायचे चिमट्यासारखे पेन होते. माझे दीर ते "जरा पाहू" म्हणून घेऊन गेले आणि त्याने रंगाचा डबा उघडला. टोक वाकले.  पती दोन दिवस जेवणात मीठ मागायलाही बोलले नाहीत. उलट दीरच म्हणाले, "एवढं काय झालं वहिनी? कला डोक्यात असते. तुम्हा लेखकांना तर तेही नको. कागद-पेन असलं की दुकान उघडलं!"

सबब, माझ्या दिरांना माझ्या शिलकीतून उत्तम प्रतीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर विकत घेऊन द्यावा. सोबत चिठ्ठी नको. त्यांना समजेल. न समजल्यास निदान डबे नीट उघडतील.

कलम ४. टाइपरायटर. हा पतींनी माझ्या पहिल्या पुस्तकानंतर जुन्या बाजारातून आणला. त्याआधी मी हाताने लिहीत असे. माझे अक्षर असे की प्रकाशक एकदा म्हणाले होते, "बाई, तुमच्या कथेतलं रहस्य मला पहिल्या पानापासूनच उलगडत नाही." यंत्र आले आणि माझी वाक्ये आखूड झाली, कारण प्रत्येक अक्षराला बोट आपटावे लागे. लोक म्हणाले, लेखणीला धार आली. धार बोटांना आली होती.

पाचव्या पुस्तकाच्या तोंडावर 'ळ' या अक्षराच्या काडीचे टोक तुटून पडले. टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी भिंग लावून पाहिले आणि मान हलवली. "ताई, बाकी सगळं करून देतो. पण हा ळ मी कुठून जन्माला घालू? मिळाला तर आणून देईन."

मी म्हटले, जागा सोडू आणि पेनाने ळ भरू. पहिले प्रकरण तसेच पाठवले. काही जागा भरायच्या राहून गेल्या आणि छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याने त्या आपल्या बुद्धीने भरल्या. माझ्या कथेत वादळाने अंगणातले झाड मुळासकट उपटले होते. छापील कागदावर ते 'मुलासकट' उपटले. प्रकाशकांचा फोन आला: "बाई, मूल कुठून आलं? त्याचं पुढं काय होतं?"

पुस्तकाची तारीख ठरलेली होती. नवे यंत्र घेण्याची ऐपत नव्हती. पती म्हणाले, "मग ळ शिवाय लिही. मी नाही का, निळा संपला की करड्यात भागवत?"

मी बसले, आणि तेव्हा मला समजले की रहस्यकथा ही निम्मी ळ वर उभी असते. काळोख गेला. गोळी गेली. किंकाळी, टोळी, गळा, पळापळ, सगळेच गेले. कोणाचे डोळे विस्फारेनात. सकाळ होईना, संध्याकाळ होईना, कोणी कोणाच्या जवळ येईना. माझ्या गुप्तहेराला विचार करताना केळी खायची सवय होती; त्याला सफरचंदावर आणला. ज्याला गोळी घालणार होते त्याला विष दिले. विष देणारा घरातलाच हवा, म्हणून खुनी बदलला. खुनी बदलला तसे कारण बदलले, आणि जिला मी नुसती चहा आणून देणारी बाई म्हणून उभी केली होती ती कथेच्या मध्यभागी येऊन बसली. अंधारात किंचाळणारी माणसे नाहीशी झाली आणि दिवसाढवळ्या हळू आवाजात बोलणारी आली. तीच जास्त भीतिदायक निघाली.

ते माझे सर्वांत चाललेले पुस्तक. त्याच्याच पैशांवर या घराचा वरचा मजला चढला. एका नामवंत समीक्षकांनी लिहिले की, "काळोख, किंकाळी, गोळी या झिजलेल्या शब्दांना लेखिकेने जाणीवपूर्वक सोडचिठ्ठी दिली असून हा संयम दीर्घ चिंतनातून आला आहे." पुढे मिस्त्रींना एका कचेरीच्या भंगारात ळ सापडला. त्यांनी तो आणून बसवला, चहा घेतला, आणि आनंदाच्या भरात मी पुढच्या पुस्तकात तिघांचा गळा आवळला. तेच समीक्षक म्हणाले, लेखिकेची घसरण सुरू झाली.

सदर टाइपरायटर मी मिस्त्रींना देत आहे. मी त्यांना या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून बोलावले होते. वकीलसाहेबांनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मिस्त्री लगेच म्हणाले, "मग सही दुसऱ्या कुणाची घ्या, ताई. यंत्र मी नेतो."

तुटलेल्या ळ चे मूळ टोक माझ्याकडे आगपेटीत आहे. ते समीक्षकांच्या घरी पोचते करावे. ते नव्वदीला आले असून तब्येत ठणठणीत आहे असे समजते. पुढील चिंतनास उपयोगी पडेल.

कलम ५. संगणक व मायक्रोफोन. पती गेले त्याच वर्षी माझ्या बोटांत संधिवात शिरला. टाइपरायटरची कळ दाबली की कळ खांद्यापर्यंत जाई. पेन धरवेना. मी सर्वांना सांगितले की आता मी थांबले, वय झाले, पुष्कळ लिहिले. सर्वांनी विश्वास ठेवला, कारण मी खोटे नेटके बोलते. तो माझा व्यवसाय आहे. दोन वर्षे मी उत्तरेच्या खिडकीत बसून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे पाहिले. डोक्यात माणसे येत, काहीतरी करायला धडपडत, आणि हात नाहीत असे पाहून निघून जात. त्या काळाविषयी याहून जास्त लिहीत नाही.

विश्वास ठेवला नाही तो फक्त सूनबाईने. एकदा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, तुम्ही मघाशी ओठ हलवत होतात. कुणाशी बोलत होतात?"

"कुणाशी नाही गं."

"मग जे बोललात तेच यात बोला," म्हणून तिने फोन माझ्यासमोर धरला. "हा ऐकून लिहितो."

मी घसा साफ करून म्हटले, "निरीक्षकांनी कपाट उघडलं. कपाटात प्रेत होतं."

फोनने लिहिले: कपाटात प्रेम होतं.

सूनबाई वाचून म्हणाली, "आई, हे जास्त भयंकर आहे."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मुलगा खालून काय झाले ते पाहायला आला. त्याने मग एक स्वस्तातला संगणक आणि त्याहून स्वस्त मायक्रोफोन आणून दिला. त्यात माझ्या खुनाचा खूप झाला आणि सुऱ्याचा सुरा राहिला तर विष 'विषय' होऊन बसले. मी एक पान सांगावे आणि सूनबाईने तासभर निस्तरावे. मी मुलाला म्हटले, चांगले यंत्र हवे. तो म्हणाला, "चालतंय की आई. एवढं महागाचं कशाला? विरंगुळा तर आहे."

विरंगुळा! या शब्दावर मी माझी मुदतठेव मोडली. चांगला संगणक, चांगला मायक्रोफोन, पाठीला आधार देणारी खुर्ची. नवीन यंत्राने पहिल्याच दिवशी प्रेताला प्रेत म्हटले. मी त्याच्यासमोर रडले. ते यंत्राने लिहिले नाही, हेही त्याच्या चांगुलपणात जमा. तेव्हापासून माझी सात पुस्तके आली.

मुलगा पुढे स्वतः येऊन म्हणाला, "चुकलं माझं. मला वाटलं, तुझं काम डोक्यात होतं." तेव्हा ही बाब मिटलेली आहे. येथे ती फक्त नोंदीसाठी. संगणक व मायक्रोफोन त्यालाच देत आहे. निवृत्तीनंतर त्यालाही काही सांगावेसे वाटेल.

कलम ६. खोली. उत्तरेच्या खिडकीची खोली, तिच्यातले मोठे टेबल, खुर्ची व दिवा यांसह, मी माझ्या सुनेस तिच्या स्वतःच्या नावे, पूर्ण मालकी हक्काने देत आहे. मुलाचा तीवर हक्क राहणार नाही. आत जाताना त्याने दार वाजवावे.

कारण असे. सूनबाई चित्रे काढते हे मला तिच्या लग्नानंतर कितीतरी वर्षांनी समजले. ताटे उचलून झाली की ती जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसे आणि कोणाची चाहूल लागली की गुंडाळून ठेवी. एकदा मी पाणी प्यायला गेले तर ती ओल्या रंगातून नखाने काहीतरी उपसत होती.

"काय काढतेस?"

"ब्रशचे केस, आई. आभाळात अडकलेत."

मी चित्र पाहिले. पाऊस थांबल्यानंतरची रिकामी बसथांब्याची जागा होती. आभाळभर नखांचे ओरखडे होते. ती म्हणाली, "मला काही तितकंसं जमत नाही."

"तुला जमतं. ब्रशला जमत नाही," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने चित्रसाहित्याच्या दुकानात गेलो. तिने किंमत पाहून तीन वेळा ब्रश परत ठेवला. मी तीन वेळा उचलला. घरी येऊन तिने एक रेघ ओढली, ती हवी तिथे थांबली, आणि ही बाई कागदाकडे बघत नुसती उभी राहिली. स्वयंपाकघरात दूध उतू गेले. ते मी पुसले. माझ्या शेवटच्या तीन पुस्तकांची मुखपृष्ठे तिची आहेत.

कलम ७. बँकेतील शिल्लक. वरील किरकोळ देणग्या वजा जाता निम्मी रक्कम मुलास व निम्मी सुनेस द्यावी. सुनेच्या निम्म्यातून कागद, रंग, ब्रश आणि दिव्याखेरीज काहीही घेऊ नये. घरातील गिझर बिघडल्यास तो मुलाच्या निम्म्यातून दुरुस्त व्हावा.

कलम ८. हाती असलेली कादंबरी. तिची दहा प्रकरणे झाली आहेत. ती अपुरी राहिल्यास अपुरीच छापावी. प्रकाशक परवा म्हणाले, "काळजी करू नका बाई, हल्ली यंत्र उरलेलं लिहून देतं." यंत्रांवर माझ्याइतका जीव कोणी लावला नसेल, पण करवत कितीही धारदार असली तरी तिला सुतार म्हणू नये. खुनी कोण, हे मी कोणासही सांगितलेले नाही. वकीलसाहेबांनी दोनदा आडून विचारले. तो प्रयत्न पुन्हा करू नये.

या आधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे आढळल्यास ते छापील असेल व रद्द समजावे. माझी कोणाविषयी तक्रार उरलेली नाही. जी होती तिची वाटणी वर केली आहे. आयुष्यात मला जे करायचे होते ते करायला मिळाले, आणि ज्याने करायचे ते हातात आणून देणारी माणसे मिळाली. हे मृत्युपत्र झाले म्हणून कोणी घाई करू नये. आज संध्याकाळी मला अकरावे प्रकरण सुरू करायचे आहे, आणि त्यात एक माणूस माझी वाट पाहत दाराबाहेर उभा आहे.

सही: (लिहून देणार, रहस्यकथा लेखिका)

टीप: वकीलसाहेबांचे फुकट मिळालेले पेन सहीच्या मध्यावर बंद पडले. सही अर्धी निळ्या व अर्धी चित्रांच्या तपकिरी शाईत आहे. दोन्ही अर्धी माझीच आहेत.

साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई. यांनी माझी शुद्ध तपासली व ठीक असल्याचे सांगितले. (सही)

साक्षीदार २: वाचनालयाचे ग्रंथपाल. यांना खुनी कोण असेल याचा संशय आहे, तो चुकीचा आहे. (सही)

स्थळ: उत्तरेच्या खिडकीची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार, दुपार