राहिलेलं कडवं

आंबागड, ता. तुमसर
१४ सप्टेंबर २०२५

चि. रितास गोपीचंदकाकाचे अनेक आशीर्वाद. इकडं सारं ठीक आहे, तुही खुशाली कळव.

बेटा, तू माहा नंबर बंद करून ठेवला, म्हणून पोस्टातून पाकीट आणा लागलं. पत्ता तुह्या काकूजवळ निघाला. तुम्ही दोघी एकमेकीले पत्रं लिहिता, हे मले आताच समजलं! असो. यंदा पाणी बरं आहे, शेतातली बोडी पाण्यानं काठोकाठ भरली, धान पोटरीत आलं.

आता कामाचं. यंदा मंडईचा अध्यक्ष मी आहो. भाऊबीजेनंतरच्या रविवारी आपल्या गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्राच, अन् दुपारी तुहा कार्यक्रम ठेवला आहे. पोस्टरही लागले. तो ताराचंद, गेल्या वर्षीचा अध्यक्ष, चौकात सांगत फिरते का गोपीचंदची पुतणी आता कायले येते, ती मोठी झाली. मी त्याले तिथंच विचारलं का तिले मंडईत गायले पहिल्यांदा स्टुलावर उभी कोनं केली? बाप गेल्यावर मायलेकीले घरात कोनं घेतलं? बेबी रिता हे नाव कोनं ठेवलं? तिथून तू नागपूरच्या ऑर्केस्ट्रात गेली, मंग मुंबईले, अन् आज तुह्या गाण्याशिवाय एक वरात जागची हालत नाई. पण पाया मी घातला, हे विसरू नको.

माही इज्जत तुह्या हातात आहे. नाई म्हणू नको.

आहे ते माया आटू देऊ नको.
तुहा काका,
गोपीचंद


मुंबई
२३ सप्टेंबर २०२५

ती. गोपीचंदकाका यांस रिताचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाया तुम्हीच घातला, खरं आहे. त्या पायात काय गाडलं, तेही मले चांगलं आठवते.

येईन. पण आमच्या धंद्यात कलाकार आपल्या अटी आधी कळवतो. कोणाले थंडगार खोली लागते, कोणाले विलायती पाणी. मले यातलं काहीच नको. माह्या अटी तुमच्यासाठी आहेत.

मी गाते तोवर तुम्ही स्टेजवर लाकडी स्टुलावर उभे राहाल. तेच स्टूल असेल तर आणखी बरं. खाली उतरायचं नाही, मले लघवीलेसुद्धा उतरू देत नव्हते तुम्ही. अन् सकाळपासून पोटात अन्नाचा कण नको. पोट भरलं का आवाज बसते, गाणं पुरं झाल्याशिवाय जेवण नाही, हा नियम तुमचाच. समोर जिलेबीची कढई कढत राहायची अन् मी लाल फ्रॉक घालून सूर लावायची. आता तुमचं जेवणही गाणं पुरं झाल्यावर. काकूले वेगळं लिहिलं आहे, ती लक्ष ठेवेल.

आता खरी अट. गाण्याच्या आधी तुम्ही माईकवर, आई गेली त्या मंडईचं सांगायचं. आई अंथरुणाले खिळली होती. शेजारचा भोजराज धावत स्टेजपाशी आला अन् तुमच्या कानात बोलला का शकुनबाई जाऊन राहिली, पोरीले बोलावते. तुम्ही त्याले म्हटलं का गाणं होऊ दे. लोकाईनं वन्स मोर म्हटलं, तुम्ही मले पुन्हा गायले लावलं. मंग आणखी एकदा. घर दोन गल्ल्या पल्याड होतं, काका! मी पोचली तवा तिचे डोळे कोणीतरी मिटून टाकले होते. अन् तुम्ही आजवर साऱ्या गावाले सांगत आले का निरोपच आला नव्हता. गेल्या साली नागपूरच्या कार्यक्रमाले भोजराज आला होता, त्यानंच रडत रडत मले सारं सांगितलं.

हे बोलाल तर येईन. नाही तर तुम्ही अन् तुमचे पोस्टर. उत्तर कागदावरच पाठवा.

काकूले माही आठवण द्या.
रिता


आंबागड
३ ऑक्टोबर २०२५

चि. रितास आशीर्वाद.

असं कोनी आपल्या काकाले लिहिते का बाप्पा? माहे गुडघे पाहिले का तू? तरी स्टुलाचं कबूल. उपाशी राहायचं म्हणशील तर मले शुगर आहे. हे मी लिहून राहिलो तर तुही काकू मागून वाचून म्हणते का शुगर-बिगर काही नाई, शिबिरात तपासलं होतं. बरं, तेही कबूल.

पण तिसरं सोड. भोजराजचं काय घेऊन बसली, तो सकाळपासून पिऊन राहते. मेलेल्या माणसाले भर मंडईत कायले उभं करतेस? त्यापेक्षा शकुनवहिनीचा मोठा फोटो स्टेजवर ठेवतो, हार घालतो, दोन शब्द चांगले बोलतो. समजदार हो.

राग गिळून टाक, माणसं तोडू नको.
गोपीचंद


मुंबई
१० ऑक्टोबर २०२५

ती. काकांस सा. न. वि. वि.

फोटो ठेवू नका. तुमच्या हातचा हार माह्या आईले नको.

समजदारी मी स्टुलावरच शिकली. मंडईच्या दिवशी लोकाईले खुशाल सांगा का पोरगी आली नाही. काहून आली नाही, ते भोजराज सांगेल. त्याले मी सांगून ठेवलं आहे का त्या दिवशी पिऊ नको.

काकूले नमस्कार.
रिता


आंबागड
१६ ऑक्टोबर २०२५

चि. रितास आशीर्वाद.

बोलतो. ये.

गोपीचंद


आंबागड
२७ ऑक्टोबर २०२५

चि. रितास तुळसाकाकूचे पोटभर आशीर्वाद. सुखरूप पोचली ना?

तू माईक काकाच्या हातात देऊन निघाली, तवा मी गर्दीत अडकली होती. शेजारीण म्हणते का तू घरी आली, शकुनच्या खोलीत बसली, रडली, अन् गाडीत बसून गेली. मले भेटली असती तर बरं झालं असतं, पण तुहं बरोबर होतं.

तुले स्टेजवरून सारं दिसलं नसेल, म्हणून सांगते. काकाले स्टुलावर चढवाले ताराचंदनंच हात देल्ला, अन् गालातल्या गालात हसत होता मेला. काका आधी तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मागचे लोक ओरडले का आवाज नाई येत, म्हणून त्याईले सारं पुन्हा मोठ्यानं सांगा लागलं. दोनदा सांगितलं बाई, दोनदा! बायकाईनं तोंडाले पदर लावले. मी नाई लावला. मी टक लावून पाहत होती.

मंग तू तेच गाणं धरलं, त्या दिवशीचं. अन् भोजराज तवा निरोप घेऊन आला होता त्याच कडव्यात थांबली. लोकाईले वाटलं तू पाणी प्यायले गेली. वन्स मोर, वन्स मोर करत राहिले. काका माईक धरून स्टुलावर उभेच. तू गेली हे लोकाईले समजलं तवा एकेक जण उठून निघाला. दिवस बुडता मंडपवाला म्हणाला का स्टेज खोलाचं आहे, तवा उतरले.

घरी येऊन मले म्हणाले का वाढ. मी ताट वाढलं, झाकलं, अन् भोजराजच्या घरी नेऊन देल्लं. यांले सांगितलं का गाणं पुरं कुठं झालं? भल्ले तणतणले. मंग केळं मागितलं, मंग चाय. चाय देल्ली, बिनसाखरेची. शुगर आहे म्हणतात ना.

आज दुपार झाली, ओट्यावर बसून आहेत. सारखे स्वयंपाकघराकडं पाहतात. मले काही वाईट वाटून नाई राहिलं. शकुन जाताना दाराकडं कशी पाहत होती, ते मी तिच्या उशाशी बसून पाहिलं आहे.

तर बाई, राहिलेलं कडवं कधी म्हणशील ते कळव, म्हणजे मी यांचा भात टाकीन. पोस्टानंच कळव, फोनची काही घाई नाई.

तुही,
तुळसाकाकू