चौथा पुंजाराम

२ मे १९२७, अकोला

आगबोटींची वृत्ते वाचणाऱ्यांच्या ध्यानी एक कोडे आलेच असेल: बुडालेले जहाज काही वर्षांनी त्याच नावाने पुन्हा प्रवासाला कसे निघते? आमच्या कापूस कंपनीच्या दप्तरात ‘नीलांबरी’ तीनदा बुडाली आहे, आणि परवा आमच्या गाठी चौथ्या ‘नीलांबरी’वर चढल्या! उकल सोपी आहे. जहाज जाते, नाव मालकापाशी उरते, आणि तो ते नव्या जहाजाला देतो. इंग्रजी आरमारात तर पहिल्या जहाजाने जिंकलेल्या लढायाही त्याच नावाच्या दुसऱ्या जहाजाच्या नावे मांडतात. यावर सविस्तर निबंध लिहिण्याचा माझा मानस आहे. कोणत्या गाठी कोणत्या जहाजावर गेल्या हे लिहिण्याची नोकरी आजच सुरू झाली. जठारपेठेत गोदाबाईंकडे खोलीही हवेशीर मिळाली.

५ मे

गोदाबाईंचा मुलगा पुंजाराम मोठ्या लढाईत बसऱ्याला जाताना आगबोटीसह बुडाला. तेव्हापासून या खोलीत येणाऱ्या प्रत्येक भाडेकरूचे त्या बारसे करतात. आज माझे झाले. मी जहाजांचा दाखला देऊन प्रथेचे कौतुकच केले.

“नाव रिकामं नाई ठेवत आमी, बापू,” त्या म्हणाल्या.

मग कानात ‘कुर्र’ करून त्यांनी नाव सांगितले, पाठीवर हलके बुक्के मारले, घुगऱ्या वाढल्या. उत्तमरावाचा पुंजाराम झालो! घुगऱ्या चविष्ट होत्या.

९ मे

विहीर आटली आहे, तरी सकाळी उशी ओली. वाळल्यावर पांढरी रेघ उमटते. चाखली, मीठ. घाम असावा. खात्रीसाठी कोरडा पंचा हातभर दूर ठेवला. तोही भिजला.

१४ मे

कचेरीतले जुने कारकून जानराव यांना खोलीतल्या आधीच्या भाडेकरूंविषयी विचारले. दुसरा पुंजाराम मोर्णा नदीच्या गुडघाभर पाण्यात बुडाला. तिसरा माझ्याच खोलीत, कोरड्या बाजेवर; तोंडातून खारे पाणी वाहत होते. माझे बारसे झाल्याचे कळताच ते उभेच राहिले.

“घुगऱ्या काहून खाल्ल्या तुमी?”

पहिल्याचे बुडणेही नावाबरोबर येते. हे निबंधाच्या टिपणात राहूनच गेले होते.

१७ मे

पत्नीचे, सत्यभामेचे पत्र. विचारते, हा पुंजाराम कोण, आणि तुमच्याऐवजी तो मला पत्रे का लिहितो? या वहीतले वरचे अक्षर पाहिले— माझे नाही. सामान बांधले. गोदाबाईंना सांगितले, खोली सोडतो. त्या शांतपणे गहू निवडत होत्या.

“खोली सोड ना, बापू. नाव कुठी ठेवशीन?”

१८ मे, स्टेशन

पाणी गुडघ्यापर्यंत. फलाट कोरडा, लोक विड्या ओढत— मलाच—

जानराव पोचवायला आले आहेत. म्हणतात, मागून तीनदा ‘उत्तमराव’ म्हणून हाक मारली. वळलो नाही. मग हळूच ‘पुंजाराम’ म्हणाले—

वळलो.

पाणी छातीशी. वाचणाऱ्याने करून पाहावे. सोपे आहे. डोळे मिटून बसावे. पाठीमागून कोणाला तरी आपल्या नावाने हाक मारायला सांगावी. मान आपोआप वळली, तर आपण अजून आपलेच—