दौंडचं डिझेल

मंगळ., ४ नोव्हें.
सकाळी साडेदहाला डिझेल कार्डाचा मेसेज. दौंडच्या पंपावर पाचशेचं डिझेल. हे तर पिकअपमध्ये फ्लॉवर भरून शिरूरला गेलेत! मांडवगणातून शिरूर एका तोंडाला, दौंड दुसऱ्या. मला वाटलं कार्ड हरवलं, कुणीतरी वापरतंय. फोन लावला तर म्हणाले, "कार्ड खिशात हाय माझ्या. गाडी चालवतोय, ठेव."
संध्याकाळी विचारलं. "शिरूरलाच टाकलं. मेसेज चुकीचा आला आसंल."
मेसेज चुकतो, ह्यांचं तोंड चुकत नाही. बरं.

शुक्र., ७
पुन्हा दौंड. पुन्हा पाचशे. मागचे मेसेज काढून बघितले. (एरवी वाचतच नाही, आला की बोटाने बाजूला सारते.) ऑगस्टपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दौंड.
संध्याकाळी मोबाइल ह्यांच्या नाकासमोर धरला. मग म्हणे, "तिथं कार्डावर सूट जास्त हाय."
एवढं उलटं जायचं, डिझेल जाळायचं आणि लिटरमागे चार आणे वाचवायचे? हा माणूस चिकट आहे, वेडा नाही. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायचे, मी कडेला बसून देवाचं नाव घ्यायची. एकदा कार्ड चालत नाही म्हणून वाटेतला पंप सोडला आणि गाडी बंद पडेपर्यंत पुढे नेली. ढकलायला मी आणि दोन हमाल. असा माणूस उगाच दौंडला जात नाही.
मग कशाला?

रवि., ९
डोक्यात नको ते येतंय. बाई असेल का? पंचावन्नाव्या वर्षी? आधी हसू आलं, मग रडू. मंगळवारी-शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट लागतो हे आता लक्षात येतंय. फ्लॉवर वाहायला इस्त्री!

बुध., १२
काल परत मेसेज. विचारलं नाही. खोटं ऐकायचा कंटाळा आलाय.
दौंड म्हटलं की मला एकच आठवतं आणि ते ह्या घरात बोलायचं नाही. माझी रुपाली दौंडला दिली. दिली कुठली, गेली. मिशनच्या शाळेतल्या ख्रिस्ती सरांच्या मुलाशी लग्न करून. तीन वर्षं झाली. ह्यांनी भावकीसमोर सांगितलं, पोरगी आम्हाला मेली, ह्या घरातून तिला फोन जाणार नाही. सगळ्यांदेखत माझ्या मोबाइलमधला तिचा नंबर मला पुसायला लावला. मी पुसला. जित्या पोरीचा.
ह्या वहीत तिचं नावसुद्धा आज पहिल्यांदा लिहिलं.
शुक्रवारी दौंडला जाऊन बघणार. बचत गटाचं काम आहे असं सांगेन.

शुक्र., १४
एस.टी.ने गेले. पंप सापडला, मेसेजमध्ये नाव असतंच. समोरच्या टपरीवर पदर डोक्यावरून ओढून बसले. दहा वाजून गेल्यावर आमची पिकअप आली.
कार्डाच्या मशीनपाशी खुर्चीवर रुपाली बसलेली.
अंगात पंपाचा शर्ट, पोटावर बटणं ताणलेली. सातवा तरी असेल. खुर्चीला दोन्ही हातांनी रेटा देऊन उठली, गाडीच्या खिडकीशी गेली. ह्यांनी कार्ड दिलं, तिने मशीनमध्ये घासलं, ह्यांनी पिन दाबला, तिने कार्ड परत दिलं. एक शब्द नाही, ना ह्यांचा ना तिचा. गाडी निघून गेली.
मी रस्ता ओलांडला नाही. का नाही? पंधरा पावलं नसतील. पण समोर जाऊन म्हणू काय? तुझ्या बापाने पुसायला सांगितला म्हणून तुझा नंबर पुसला? दोन चहा घेतले, दोन्ही गार झाले. मग घरी येऊन भाकरी थापल्या.
माझी मला लाज वाटते.

शनि., १५
आज बोललेच. "मला गप बसवलं आन् सवता आठवड्याला दोन खेपा?"
हे जेवत होते. ताट सरकवलं. म्हणाले, "ऑगस्टात भाडं घेऊन गेलतो तिकडं. डिझेल संपत आलं म्हणून पंपात शिरलो. कार्ड चालतं का इचारलं, तर हीच पुढं."
"मग बोलला का न्हाई?"
"काय बोलू? भावकीला शब्द देऊन बसलोय."
"आन् पाचशेचंच का टाकता?"
"टाकी फुल केली तर पुन्यांदा जायाला कारण काय?"
इथे माझा राग उतरायला हवा होता. उलट चढला. तिचं पोट वाढताना ह्यांनी बघितलं, मी नाही बघितलं. आई मी आहे. तसं म्हटलंसुद्धा. तर म्हणतात, "मेसेज तुझ्या मोबाइलला जातो हे मला म्हाईत न्हाई व्हय? कार्डाचा फॉर्म तूच भरला. तुला कळंल म्हणून तर..."
म्हणे कळेल! बायकोला लेकीचा पत्ता डिझेलच्या मेसेजमधून कळवणारा दुसरा माणूस मी बघितला नाही. तोंड कशाला दिलंय देवाने? आणि असं होतं तर शिरूरचं खोटं का सांगितलं? खरं बोलतायत की अंगाशी आल्यावर सुचलं, कळत नाही.
रात्रभर एकमेकांकडे पाठ.

सोम., १७
पहिलं बाळंतपण माहेरी. माझं झालं, माझ्या आईचं झालं. रुपालीला सासू नाही, लग्नाआधीच वारलेली. घरात सासरा आणि नवरा, दोघं पुरुष. बाळाला न्हाऊ कोण घालणार, तिला शेक कोण देणार?
ह्यांना म्हटलं, उद्या मी गाडीत बसणार, आपण तिला आणायचं. म्हणाले, "गाव काय म्हणंल?" म्हटलं, म्हणू द्या, मी बसणार.
दुकानातून डिंक, खारीक आणलं. कुणासाठी ते ह्यांनी विचारलं नाही. पिशवी मात्र उचलून फडताळात ठेवली.

मंगळ., १८
वही बरोबर आणलीय. पंपावर बसून लिहितेय, हवा भरायच्या मशीनजवळ गाडी लावून.
साडेदहाला आमचा नंबर आला. रुपाली खिडकीशी आली, मला बघितलं आणि कार्ड हातात तसंच राहिलं. चेहरा उतरलाय. डोळ्यांखाली काळं. मी सगळं एका दमात बोलले. घरी चल, बाळंतपण माझ्याकडे, सवा महिना जागची हलू देणार नाही.
ती म्हणाली, "आई, तू गप. ज्यांनी नको म्हटलं, त्यांनी ये म्हणू दे."
हे मीटरकडे बघत बसले. आकडे फिरतायत आणि हे बघतायत. मी कोपर मारलं तरी तसेच. पाचशे झाले, नळी निघाली. ती आणखी थोडा वेळ उभी होती.
मग म्हणाली, "मागं गाड्या हायत अण्णा. पुढं घ्या."
तीन वर्षांनी अण्णा म्हणाली. तेही असं.

दोनला तिची ड्युटी सुटते, पंपावरच्या दुसऱ्या बाईने सांगितलं. म्हटलं, थांबायचं. हे म्हणाले, "माल पिवळा पडंल." म्हटलं, पडू दे.

दीड वाजला. हे स्टिअरिंग धरून बसलेत, जसं काही गाडी चालूच आहे. विचारलं, "तुमी म्हणताय ना तिला?"
"बघू."
बघू! अजून बघायचंच आहे ह्यांना.

दोन वाजून गेले. ती पर्स घेऊन बाहेर आली. हे उतरले, चपला गाडीतच. अनवाणी अर्ध्यापर्यंत गेले आणि उभे राहिलेत. तीही थांबलीय, कमरेवर हात ठेवून. मला ह्यांची पाठ दिसतेय फक्त. काही बोलले का, कळत नाही. इथून हाक मारावी, दोन वाक्यांत मिटवून टाकावं असं फार वाटतंय. मारणार नाही. ह्यांच्या वाटचं मी बोलणार नाही.