माझ्या नावावरची अकरा पुस्तकं

लोणावळा,
रविवार, १० जानेवारी १९३७

प्रिय निसा,

तुझ्या अम्माचं म्हणणं, लेकीला पत्र लिहायचं तर आधी खुशाली लिहावी. तर खुशाली अशी: अम्माचा गुडघा दुखतो, परसातल्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलंय, आणि तुझा बाप मालधक्क्यावर रोज व्यापाऱ्यांची बोलणी खातो, कारण बटाट्याच्या गोणी वेळेवर पोचत नाहीत आणि रेल्वे कंपनी लोकांच्या हाती लागत नाही, कारकून लागतो. तळेगावहून इकबालमियांची कार्डं येतात. ‘येथील सर्व क्षेम’ यापलीकडे त्यांत अक्षर नसतं. जावई काचेच्या कारखान्यात आहेत हे खरं, पण म्हणून पत्रातून आरपार दिसावं आणि मधे काहीच नसावं, हा काय न्याय? तुझं स्वतःचं पत्र ऑक्टोबरपासून नाही. ईदला तू आली नाहीस. अम्माने तुझ्या वाटणीचा शिरखुर्मा दोन दिवस झाकून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी ती तो शेजारी देऊन आली.

आता माझ्या डोक्याला जो ताप झालाय तो ऐक. तुला आठवत नसेल, तू आठ-नऊ वर्षांची होतीस, तेव्हा पुण्याच्या दत्तोबांनी माझं पहिलं विनोदी पुस्तक काढलं. मालधक्क्यावर पावतीवरचं बारीकात बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी एक पिंप हलू देत नाही. पण दत्तोबांच्या करारपत्रावर मी पेढा खात सही केली. त्यातलं सातवं कलम मी अलीकडे प्रथमच वाचलं: ‘सदर लेखकाचे नावे अन्य लोकोपयोगी पुस्तके काढण्याची प्रकाशकास मुभा राहील.’ म्हणजे मला वाटत होतं, मी पुस्तक दिलं. मी दिलं होतं नाव.

हे कळलं कसं, तर सप्टेंबरात बाजारात शालूबाईंनी मला गाठलं. आपल्या मराठी शाळेच्या हेडमास्तरांच्या मंडळी. म्हणाल्या, “अत्तारभाऊ, सोमवारांच्या उद्यापनाचं सगळं लिहिलंत, पण नैवेद्याचं प्रमाण द्यायला विसरलात की हो!” मी म्हटलं, “वहिनी, मी शुक्रवारवाला माणूस, सोमवारची चौकशी माझ्याकडे कशी आली?” तर बाईंनी पिशवीतून पुस्तकच काढलं. ‘व्रतदीपिका’, लेखक अ. अत्तार. दत्तोबांनी अल्लाउद्दीनचा ‘अ’ तेवढा ठेवला होता. ज्याला जे समजायचं ते त्याने समजावं. शालूबाई मला वीस वर्षं ओळखतात, तरी त्यांना यात वावगं काही दिसलं नव्हतं. “तुम्ही अभ्यासू, केला असेल अभ्यास,” म्हणाल्या. आता यावर माणसाने रागवावं तरी कुणावर?

तसाच वाचनालयात गेलो. तिथला महिपती कपाटावर चढला आणि ‘अ. अत्तार’ नावाखाली जे जे होतं ते माझ्यापुढे रचत गेला. अकरा पुस्तकं! मी चार लिहिली. बाकीची मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि महिपती माझ्याकडे अशा कौतुकाने पाहत होता की, मला ‘माझी नव्हेत’ म्हणायची लाज वाटली. “भाऊ, तुमी झोपता कवा?” म्हणाला. सात संध्याकाळी मी त्या टेबलाशी बसून माझे समग्र ग्रंथ वाचले. मी स्वप्नांची फळं सांगतो: स्वप्नात रेडा दिसला तर बढती. मी मुरंबे घालतो. मी मुलांना पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ करण्याचा उपदेश करतो. मी, ज्याला तुझी अम्मा पांघरूण ओढून उठवते! ‘हिरव्या मोटारीचे रहस्य’ या माझ्या कादंबरीत एक गृहस्थ तिसऱ्या प्रकरणात मरतो आणि अकराव्यात त्यालाच अटक होते. ‘सुलभ पत्रलेखन’ हाही माझाच ग्रंथ. त्यात घरमालकास भाडेकऱ्याचं पत्र आहे, आजारी व्याह्यास आहे, बदली मागणाऱ्या तलाठ्याचं आहे. बापाने मुलीला लिहायच्या पत्राचा नमुना मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शोधला. नाही दिलेला. निदान तेवढा तरी द्यायचा!

या ढिगात एक लहानसं पुस्तक होतं, ‘डोईवरचं रान’. शंभर पानंही नसतील. डोंगरातल्या वाड्यांवरून मोळ्या घेऊन बंगल्यांवर येणाऱ्या बायांविषयी. ना उपदेश, ना रहस्य. बाया चढण चढतात, मोळी टेकवतात, पाणी पितात, बोलतात आणि जातात. मी ते चाळलं आणि बाजूला ठेवलं.

मग रागाच्या भरात मी साप्ताहिकात तो लेख लिहिला. ‘माझे अनौरस ग्रंथ’. तुझ्याकडे तो अंक पोचला असणारच. तळेगावच्या स्टेशनवर गठ्ठ्यांनी येतो. लोक खूप हसले. मालधक्क्यावरच्या हमालांनीसुद्धा कुणाकडून तरी वाचून घेतला. रेडा, मुरंबा, दोनदा मेलेला गृहस्थ, सगळ्यांचा मी समाचार घेतला. ‘डोईवरचं रान’बद्दल दोनच वाक्यं होती: “ओल्या लाकडांची मोळी. धूर भरपूर, जाळ नाही.” झालं असं की, लेखातलं बाकी सगळं लोक आठवड्यात विसरले आणि हीच दोन वाक्यं तोंडोतोंडी झाली. आजही कुणाचं भाषण पडलं की इथले लोक म्हणतात, ओली लाकडं. दाद मिळते, निसा. अजून मिळते. ती ऐकली की आता मी तिथून काढता पाय घेतो.

कारण गेल्या सोमवारी मी पुण्याला जाऊन दत्तोबांसमोर बसलो. ठरवून गेलो होतो की, आज सातव्या कलमाचा निकाल लावायचा. तर दत्तोबांनी चहा मागवला आणि हसत म्हणाले, “अत्तारसाहेब, रागावता कसले? तुमच्या नावावर जे मी छापलं त्यातलं एकच संपलं. ‘डोईवरचं रान’. दुसरी आवृत्ती काढतोय. आणि तेवढं एक मी कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही हो, ते तुम्हीच पाठवलंत!” मी म्हटलं, मी नाही पाठवलं. त्यांनी कपाटातून गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. “हे बघा, तुमचं अक्षर.”

तुझं अक्षर. करारावरची सही सोडली तर दत्तोबांनी माझं अक्षर जन्मात पाहिलेलं नाही. मी लिहितो ते मला स्वतःला दुसऱ्या दिवशी लागत नाही, म्हणून आधी अम्माने आणि अकराव्या वर्षापासून तू, खिडकीशी बसून माझ्या कागदांच्या छापायच्या प्रती केल्या. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना अ. अत्तार म्हणजे तुझे ते सरळ, मोकळे काने आणि गोल वेलांट्या. तू गठ्ठ्यावर नाव घातलं नव्हतंस. का, ते तूच जाणे. तुला वाटलं असेल, आधी छापण्याजोगं आहे का ते कळू दे, नाव मग सांगू. त्यांनी अक्षर ओळखलं आणि माझं नाव घालून मोकळे झाले. मी म्हटलं, हे माझ्या लेकीचं पुस्तक आहे, दुसऱ्या आवृत्तीवर तिचं नाव घाला. दत्तोबा म्हणाले, “चालतं नाव आहे, कशाला बदलता? अत्तार तर अत्तार, घरातल्या घरातच राहिलं.” तासभर भांडलो. मी आवाज चढवला तेव्हा आतले जुळारी खिळे हातात तसेच धरून दारात आले. शेवटी इतकंच कबूल झाले की, लेखिकेचं स्वतःच्या हातचं पत्र आणा, पुस्तक माझं आणि नाव अमुक असं. मग पहिलं पान बदलू. वीस तारखेला छपाईला घेणार आहेत. मी म्हटलं, माझ्या पत्राने चालणार नाही? म्हणाले, “तुमचं अक्षर आमच्याकडे कोण ओळखतो?”

परतीच्या गाडीत तळेगाव आलं. मी डब्याच्या दारात उभा राहिलो, उतरलो नाही. गाडी सुटली. पायाखाली फलाट असता तर घरापर्यंत आलोही असतो कदाचित. पण दारात उभं राहून काय बोलणार होतो?

परवा चिमाबाई मोळी घेऊन आली. आता थकलीये, नातीला, चिंगीला, बरोबर आणते. पाणी प्यायली आणि विचारलं, “मियां, निसाबाय कवा येनार? ती आसली म्हंजी बसाया बरं वाटायचं. माझं समदं इच्यारून घ्यायची बगा, कुटली लाकडं, कुटली वाट, पायात काटा मोडला तवा मी काय म्हनले.” मी म्हटलं, येईल. चिंगी म्हणाली, “ईदला बी न्हाई आली ना?” त्या पोरीलाही माहीत आहे. अम्मा चुलीपाशी होती, तिने फुंकणी जरा जोरात आपटली.

इथवर मी तुला जे लिहिलं त्यात एक खोट आहे, आणि ती काढायलाच आज बसलोय. मी ‘डोईवरचं रान’ चाळलं नव्हतं. वाचलं होतं, एका बैठकीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. छत्तिसाव्या पानावर चिमाबाई बंगल्यांना स्वतःची नावं देते: पाणी देणाऱ्याचा, कुत्र्याचा, रडत्या बाईचा. आणि मग एक साधं घर येतं, लिवत्याचं. त्याच्याबद्दल ती म्हणते, “ह्यो मानूस समद्या गावाला हसिवतो म्हनत्यात. घरात हसताना कवा बगितला न्हाई.” त्या पानावरच मला कळलं की हे परसदारी बसून कुणी ऐकलं आणि कुणी लिहिलं. त्याच आठवड्यात स्टेशनमास्तर माझा हात हातात घेऊन म्हणाले होते, “अत्तार, ‘डोईवरचं रान’ वाचलं. आता कुठे तुम्ही लिहायला लागलात.” वीस वर्षं लिहिणाऱ्या माणसाला, निसा! लेख मी त्यानंतर लिहिला. बाकीच्या सहांची थट्टा केली ती त्या दोन वाक्यांना आडोसा म्हणून. अनवधानाने झालं असं तू धरून चालली असशील आणि म्हणून कदाचित माफही करशील. ती माफी मला चोरून नको. सोबत एक कागद आहे. साप्ताहिकाला द्यायचा मजकूर: पुस्तक कुणाचं, आणि टीका मी काय माहीत असताना केली. इकबालमियांना आणि त्यांच्या घरच्यांना काय वाटेल ते मला ठाऊक नाही, म्हणून तू हो म्हटल्याशिवाय पाठवत नाही. दत्तोबांना मात्र पत्र लिही, वीसच्या आत. मला एक ओळही लिहिली नाहीस तरी चालेल, त्यांना लिही.

तुझाच,
अब्बा