अस्वलाच्या थट्टेचा हक्क

मी, खाली सही करणारा, धंद्याने गादीवाला, वय वर्षे एकोणऐंशी, गुडघ्यांनी खिळखिळा पण डोक्याने ठणठणीत असून, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवत आहे. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर व दुकान थोरल्या मुलाला. धाकट्या मुलीला तिचा वाटा मी हयातीतच दिला. त्यातून तिने छोटे नाट्यगृह काढले. थोरल्याच्या मते ते पैसे पाण्यात गेले. माझे मत कुणी विचारले नाही.

२. माझी दाभणे आणि कात्र्या आमच्या जुन्या कारागिराला. कुणी उसन्या मागायला आल्यास त्याने खुशाल रिकाम्या हाताने परत पाठवावे.

३. कापसाच्या गादीचा जमाना संपला असे येईल-जाईल त्याला सांगणाऱ्या समोरच्या फोमवाल्याला कापसाचीच एक गादी. आधी त्याची कंबर सरळ होऊ दे, मग काय बोलायचे ते बोल म्हणावे.

४. आता मुख्य गोष्ट. आमचे नोंदणी केलेले चिन्ह, म्हणजे गालाखाली पंजा घेऊन कुशीवर झोपलेले अस्वल, थोरल्याच्या मालकीचे होईल. त्याने ते डोळ्यांत तेल घालून जपले आहे. एका व्यापाऱ्याने चिंध्या भरलेल्या गाद्यांवर आमचे अस्वल छापले, तेव्हा एक म्हातारी फाटकी गादी ओढत दुकानात आली. "तुमचं अस्वल बघून घेतली हो!" म्हणून रडली. थोरला इरेला पेटून कोर्टात गेला आणि जिंकला. मला त्याचा अभिमान आहे. अशांना पुढेही सोडू नये.

धाकटीच्या नाटकाची गोष्ट वेगळी. त्यात आमचेच अस्वल आमच्याच दुकानच्या गादीवर तळमळत पडते. सगळे गाव घोरते, हे टक्क जागे. शेवटी म्हणते, "गादी उत्तम आहे हो, झोपच बनावट निघाली!"

थोरला लालबुंद होऊन आला. "बाबा, आपल्या चिन्हाचं हसं करतेय ती! अस्वलालाच झोप येत नाही म्हटल्यावर गाद्या कोण घेणार?" त्याने बहिणीच्या नावे नोटीस तयार करून आणली आहे. माझी सही तेवढी बाकी आहे. मी गेल्यावर तो स्वतःच सही करील, आणि भाऊ-बहीण कोर्टात समोरासमोर उभे राहतील, याचा मला घोर लागला आहे.

मी ते नाटक पाहून आलो. तिकीट काढून आलेला एकही माणूस नाटकाला आमची गादी समजून त्या म्हातारीसारखा फसला नव्हता. मी पोट धरून हसलो. मग डोळे भरून आले. बायको गेल्यापासून मीही तसाच तळमळतो, पण हे कुणाला सांगितले नव्हते. पोरीने ओळखले होते.

थोरल्या, ते अस्वल तुझ्या आईने काढले. मी जेवून दुकानात आडवा झालो होतो, तिने कोळशाने गादीच्या खोळीवर माझे चित्र काढले, आणि कारागीर ओरडला, "हुबेहूब शेठ!" तिने मला विचारले नव्हते. तू जपतोस ते चिन्ह मुळात माझी थट्टा आहे, बाळा.

धाकटीला बोलावून म्हटले, "लेखी परवानगी देतो, कटकट मिटेल." ती म्हणाली, "नको बाबा. विचारून केलेली थट्टा म्हणजे तुमचीच जाहिरात. मला काही देऊ नका, फक्त दादाला आवरा."

सबब, नकली माल विकणाऱ्यावर दावा लावण्याचा हक्क थोरल्याला. कुणी चेष्टा केली म्हणून रागावून दावा लावण्याचा हक्क मी त्याला देत नाही. तो मी सोबत घेऊन जात आहे. तरीही नोटीस गेलीच, तर अस्वल कारागिराचे होईल.

५. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला या कागदाने काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. धाकटीला यात काहीच मिळत नाही.

ठिकाण: दुकानामागची कापसाची खोली
दिनांक: २ मार्च

सही: गादीवाला

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर, माझे डोके तपासून.

साक्षीदार दुसरी: धाकटी मुलगी. सही करताना म्हणाली, "बाबा, याचंसुद्धा नाटक करणार हं मी." मी म्हटले, "मला विचारू नकोस."